टर्नरच्या उन्हामागचा पाऊस

इंग्रज चित्रकार टर्नरचं 'क्रुक ऑफ लून' हे जलरंगातलं चित्र बघितलं की पहिल्यांदा काय वाटतं, तर काय झकास ऊन पडलंय, बाबा मस्त टेकाडावर बसून रंगवत असणार. खाली इंग्लंडातल्या लँकशरमधली लून नदी घोड्याच्या नालेसारखी वळलीये, लांबवर इंगलबरोचा डोंगर. पण हे चित्र ज्या दौऱ्यातून आलं ना, तो १८१६ चा उन्हाळा म्हणजे नुसती झोड होती पावसाची.

झालेलं असं की १८१५ च्या एप्रिलमध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, गंधकाचा धूर वर जाऊन पसरला, त्याने ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. त्यात टर्नरने लाँगमन प्रकाशकाचं काम घेतलेलं, यॉर्कशर आणि आजूबाजूच्या भागाच्या इतिहासासाठी १२० चित्रं, ३००० गिनी (जुनं इंग्रजी नाणं), म्हणजे एका चित्राला २५. आता एवढी बिदागी असल्यावर पाऊस बघून घरी कोण बसणार! घोड्यावरून चिखल तुडवत फिरला, मित्राला पत्रात लिहिलं की आता बदकासारखे पायाला पडदे फुटतील. आपल्याकडे जुलैत घाटात गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको :)

रंगकाम मात्र तिथे झालंच नाही. बाहेर नुसती वहीत पेन्सिलीने भराभर रेखाटनं, आणि रंग नंतर स्टुडिओत. कागद ओला करायचा, रंग सोडायचा, नको तिथला टिपून घ्यायचा, उजेड हवा तिथे खरवडून खालचा पांढरा कागद बाहेर काढायचा. म्हणजे मला तरी वाटतं की ते ऊन त्याने आठवणीतून आणि थोडं हट्टानेच आणलंय.

दरी काही टर्नरने शोधलेली नाही हं. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्येच लूनच्या खोऱ्यावर खूश होऊन लिहून गेलेला, आणि पुढे फ्रान्सशी लढाया चालू असताना युरोपात जाणं अवघड झालं तेव्हा इंग्रज हौशी लोक आपल्याच नद्या-डोंगर बघत हिंडायला लागले, जलरंगवाल्यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं. १८०४ मध्ये तर त्यांनी आपली वेगळी सोसायटीच काढली, कारण रॉयल अकादमी या लंडनच्या बड्या कलासंस्थेत तैलरंगापुढे यांना कोण विचारतो.

एवढं भिजून १२० चा बेत मात्र बारगळला, खर्च झेपेना म्हणून शेवटी त्या इतिहासातल्या रिचमंडशर या यॉर्कशरच्याच भागावरच्या ग्रंथात २० च चित्रं छापली गेली. टर्नर तोवर १८१७ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकडे जाऊनही आला, आणि तिथली ५१ चित्रं त्याच्या यॉर्कशरच्याच यजमानाने, वॉल्टर फॉक्सने, एका फटक्यात विकत घेतली.