सेंट फॅगन्समधली दगडी शेतघरं : सहलीला निघण्याआधी वाचा

वेल्सच्या सहलीत कार्डिफचा किल्ला सगळेच दाखवतात. आम्ही शहराबाहेरच्या सेंट फॅगन्स संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवतो, आणि त्यातला बराच वेळ दोन शेतकरी घरांना देतो. ती कशी पाहायची हे आधीच ठाऊक असावं, म्हणून हे माहितीपत्रक.

संग्रहालय १९४८ साली खुलं झालं. त्याचे संस्थापक योरवर्थ पीट. वेल्सभरातल्या जुन्या इमारती सुट्या करून इथे आणल्या आणि जशाच्या तशा पुन्हा उभ्या केल्या.

पहिलं घर किलेवेंट, मध्य वेल्समधल्या रायडरजवळच्या डोंगराळ भागातलं. जाड दगडी भिंती पाहून वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार. पण सुमारे १४७० साली बांधलं तेव्हा ते लाकडी होतं. दगडी रूप आलं १७३४ मध्ये. त्या काळच्या अशा घरांत मुळातच वाकडं वाढलेलं ओकचं खोड उभं चिरत. त्याच्या दोन फाकी समोरासमोर उभ्या करून आढ्याशी जुळवत. छपराचा भार या जोडीवर, भिंती नुसत्या आडोशाला. त्यामुळे वेल्समध्ये कितीतरी ठिकाणी छप्पर न उतरवता लाकडी भिंती काढून दगडी घालता आल्या. दगडी घराच्या आत असं वाकडं लाकूड दिसलं, तर घर बाहेरून दिसतं त्याहून जुनं आहे, हे बहुधा खरं निघतं.

किलेवेंटमध्ये माणसं आणि गुरं एकाच लांबट छपराखाली राहत, ये-जा एकाच दाराने. अशी घरं सहसा उतारावर बांधत आणि गोठा खालच्या अंगाला ठेवत, म्हणजे घाण माणसांच्या बाजूला वाहत नसे. आपल्याकडे घराला लागून गोठा पाहिलेल्यांना ही रचना लगेच उमगेल.

धुराचीही एक गोष्ट आहे. मध्ययुगीन घरांत विस्तव खोलीच्या मध्यावर, जमिनीवरच असे. धूर छपरापर्यंत चढे, म्हणून वर माळा घालता येत नसे. साधारण सोळाव्या-सतराव्या शतकांत दगडी धुराडी आली, धूर भिंतीत कोंडला गेला आणि मगच वरचा मजला शक्य झाला. काजळी धरलेले वासे आजही काही जुन्या घरांत सापडतात. आमच्या मते वेल्सच्या घरांत झालेला सर्वांत मोठा बदल हाच.

दुसरं घर केनिक्स्टन, गॉवर द्वीपकल्पातलं. हे गवताने शाकारलेलं आहे आणि बाहेरून लालभडक. लाल रंगाने वाईट शक्ती दूर राहतात अशी समजूत होती. मूळ भाग १६१० चा, पुढे सुमारे १६८० आणि १७५० मध्ये भर पडली. आतलं सामानसुमान अठराव्या शतकाच्या अखेरचं मांडलं आहे. शेकोटीजवळचा कपाटासारखा बंदिस्त पलंग चुकवू नका.

कुठल्याही जुन्या दगडी घराची भिंत पाहताना आधी उभा सांधा शोधा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत अडकवलेले असतात. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ दिसली, तर तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालं असावं, किंवा जुनं दार बुजवलेलं असावं. दारावर कोरलेल्या सालावर मात्र लगेच विसंबू नका. पुष्कळदा ते दुरुस्तीचं साल असतं. पांढऱ्या किंवा रंगीत भिंतींवर असतो चुन्याचा हात. त्यातून दगडातली ओल बाहेर पडते. पुढच्या काळात दगडांमधल्या फटी सिमेंटने भरलेल्या कित्येक जुन्या भिंतींत ती ओल आतच अडकली.

संग्रहालयात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दारं ठेंगणी आहेत आणि आत उजेड कमी, तेव्हा वाकून, सावकाश शिरा. जमीन खडबडीत आहे, घट्ट बसणारे बूट घाला. गुडघे दुखत असतील तर आमच्या सोबत्याला आधी सांगा. ही घरं बाहेरून निवांत पाहण्यासाठीही आम्ही वेळ ठेवला आहे.