व्यावसायिक वाहनचालकाचे लायसन्स काढण्यापूर्वी

उसाचा हंगाम तोंडावर आला की ‘पंधरा दिवसांत हेवी लायसन्स करून द्या’ अशी विनंती घेऊन अनेक तरुण आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येतात. हाताशी आलेले काम सोडून त्यांना परत जावे लागते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणून ही माहिती आधीच आपल्या हाती देत आहोत.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रान्सपोर्ट वाहन, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणारे व्यावसायिक वाहन, चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याचे शिकाऊ लायसन्स मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचे (कारचे) पक्के लायसन्स किमान एक वर्ष जवळ असावे लागते. हे वर्ष कोणत्याही एजंटाला कमी करून देता येत नाही. ज्यांना पुढे ट्रक किंवा बस चालवायची आहे, त्यांनी कारचे लायसन्स अठरा पूर्ण होताच काढून ठेवावे, असा आमचा आग्रह असतो. आठवी उत्तीर्ण असण्याची केंद्रीय अट २०१९ मध्ये रद्द झाली आहे, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनी संकोच करू नये.

मार्केट यार्डातून गुळाचे रवे वाहणाऱ्या छोट्या टेम्पोचा प्रश्न वेगळा आहे. मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. घातक किंवा ज्वलनशील मालाच्या वाहनांना ही मोकळीक नाही.

जड वाहनासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ (तंदुरुस्तीचे) प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ (प्रशिक्षण पूर्ण केल्याचे) प्रमाणपत्र लागते. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. नियमानुसार ट्रान्सपोर्ट वाहनाचा सराव किमान ३० दिवसांत विभागून, प्रत्यक्ष १५ तास व्हावा लागतो, आणि स्टेअरिंगला हात न लावता नमुना ५ मिळवून देण्याची भाषा करणाऱ्यांपासून आपण दूर राहावे, कारण हे तास कागदासाठी नसतात. करूळसारख्या घाटातून भरलेला ट्रक उतरवताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय काही मुरलेल्या हातांनाही असते; तसे केले की इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर धरण्याचा सराव आम्ही प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतो.

रिक्षा, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांसाठी लायसन्सशिवाय बॅजही (प्रवासी वाहन चालवण्याची परवानगी दाखवणारा बिल्ला) लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा तेवढे दिवस हिशेबात धरावेत.

ट्रान्सपोर्टचे लायसन्स ५ वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. संपलेल्या लायसन्सवर एक दिवसही गाडी रस्त्यावर काढू नये. त्या दिवशी अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो.

पहिल्या भेटीला येताना कारचे मूळ लायसन्स सोबत आणावे. त्यावरची तारीख पाहूनच आपल्याला कोणत्या महिन्यापासून अर्ज करता येईल ते आम्ही सांगू.