एचपीव्हीची लस मुलग्यांनाही का द्यायची?

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा लैंगिक संबंधांतून, त्वचेच्या स्पर्शाने पसरणारा विषाणू. बायकांत त्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, म्हणून त्याची लस म्हणजे मुलींची लस, असं घरोघरी धरून चालतात. पण जगभरात १५ वर्षांवरच्या जवळपास दर तीन पुरुषांपैकी एकाच्या जननेंद्रियांवर हा विषाणू सापडतो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप जातो. या विषाणूच्या प्रकारांना नंबर दिलेले आहेत. ज्यांच्यात मुरतो, त्यांना ६ आणि ११ या प्रकारांमुळे लिंगावर किंवा गुदद्वारापाशी चामखिळी येऊ शकतात. १६ नंबरचा प्रकार टॉन्सिल, जिभेचं मूळ, गुदद्वार आणि लिंगाच्या कॅन्सरला कारण ठरतो. (आपल्याकडचा गालाचा, हिरडीचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूचा. लस घेतली म्हणून तंबाखू माफ होत नाही.)

बाईची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) होते. पुरुषांसाठी तशी नेमाने करायची चाचणीच नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण झाकल्या न जाणाऱ्या त्वचेतूनही विषाणू पसरतो. बारीकशा ओरखड्यातून तो त्वचेच्या तळच्या थरात शिरतो आणि रक्तात उतरतच नाही. त्यामुळे विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) जेमतेम तयार होतात, पुरुषांत तर आणखीच कमी. म्हणून एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हाही होऊ शकतो.

लस ही उणीव भरून काढते. विषाणूच्या कवचाचं एल१ हे प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. पाच-पाच रेणूंचे ७२ गुच्छ आपसूक जुळून पोकळ गोळा बनतो. आत डीएनए नसतो, त्यामुळे लशीतून संसर्ग होणं शक्य नाही. दंडाच्या स्नायूत ०.५ मिलि टोचली की प्रतिपिंडं भरपूर तयार होतात.

मात्र आधीच शिरलेल्या विषाणूला ती हटवत नाही. १८ देशांतल्या ४,०६५ तरुणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. लशीतल्या प्रकारांचा संसर्ग आधी नसलेल्या आणि तिन्ही डोस घेतलेल्यांत त्या प्रकारांच्या चामखिळी व तत्सम विकार ९०.४ टक्के कमी झाले. आधीच संसर्ग असलेले धरून सगळे मोजले, तर ६५.५ टक्केच. म्हणून लैंगिक संबंध सुरू होण्याआधीचं वय मोलाचं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस ९ ते २६ वर्षांच्या मुलग्यांनाही चालते. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. १५ पासून तीन, म्हणजे पहिल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात. अशी कुपी टाकूनच द्यावी. या वयाची मुलं सुईनंतर कधीकधी चक्कर येऊन पडतात, म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवा. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला तेवढा घ्या.