हाताची पकड व मेंदू

वस्तूकडे हात नेणे, बेताचा जोर लावून ती धरणे आणि बोटांत फिरवणे या क्रियांचे मेंदूकडून होणारे नियमन. पकडीचा बराचसा भाग स्पर्शाआधीच ठरलेला असतो. दादरच्या टपरीवर कटिंग उचलणाऱ्याची बोटे ग्लासापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त फाकतात आणि गरम बुडाऐवजी वरच्या कडेकडे वळतात.

डोळ्यांनी टिपलेला आकार मेंदूच्या पार्श्विका खंडात (वरच्या-मागच्या भागात) बोटांच्या ठेवणीशी जोडला जातो. तिथून संदेश ललाट खंडातील (कपाळामागच्या भागातील) हालचाल आखणाऱ्या पूर्वप्रेरक व ती घडवणाऱ्या प्रेरक क्षेत्रांकडे जातात. इथून मज्जारज्जूकडे उतरणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात, म्हणून उजवा हात मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या ताब्यात असतो. एकेक बोट सुटे हलवण्याचे कसब याच मार्गावर अवलंबून आहे. लॉरेन्स आणि कायपर्स या संशोधकांनी १९६८ मध्ये माकडांतील हा मार्ग छेदला. माकडे पुन्हा चालू-चढू लागली, पण चिमटीने खाऊ उचलणे त्यांना कायमचे दुरावले.

जोराचा हिशेब याहून विलक्षण आहे. योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले, की वस्तू निसटू नये यासाठी लागतो त्याहून थोडाच अधिक जोर आपण लावतो. ग्लास ओला असेल तर बोटे आपसूक घट्ट होतात. तो जरा सरकला, तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, जाणीव होण्यापूर्वीच, पकड वाढते. त्वचेतील ग्राहींकडून (स्पर्श टिपणाऱ्या चेताटोकांकडून) येणारी ही खबर बोटे बधिर केल्यावर थांबते आणि स्नायूंत ताकद असूनही वस्तू हातातून सुटू शकते. वजनाचा अंदाज मात्र आधीच्या अनुभवावरून बांधलेला असतो. भरलेला समजून रिकामा ग्लास उचलला की हात झटक्यात वर जातो. उचलण्याच्या वेगाशी जोराचा मेळ घालण्यात अनुमस्तिष्काचा (मेंदूच्या मागच्या-खालच्या लहान भागाचा) मोठा वाटा असतो.

पक्षाघातानंतर घरची माणसे ‘मूठ वळते का?’ हेच आधी पाहतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. मूठ वळते, पण उघडत नाही, अशी अवस्था बऱ्याच रुग्णांत दिसते. संवेदना गेली असेल तर डोळ्यांचा पहारा ठेवूनच वस्तू धरावी लागते. म्हणूनच ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारात, नुसत्या व्यायामाबरोबर प्रत्यक्ष कामांचा सराव असतो: शर्टाची बटणे लावणे, घास तोडणे, नाणे उचलणे. या शाखेचे भारतातील शिक्षण मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झाले.