सोन्याशिवाय सोनेरी: काशानची भांडी आणि भट्टीतला धूर

इराणातल्या काशान शहरात पिढ्यान् पिढ्या मातीची भांडी घडवणारं एक नामांकित घराणं होतं. त्यातला अबुल कासिम नावाचा मुलगा चाकावर न बसता लेखणीकडे वळला आणि मंगोल राजांच्या दरबारी इतिहासकार झाला. १३०१ साली त्याने रत्नं आणि खनिजांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या अखेरीस त्याने आपल्या घरचा धंदाच कागदावर उतरवून ठेवला. माती कोणती, झिलई कशी करायची, भट्टीत काय जाळायचं, सगळं. कारागीर सहसा असं काही लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांनी सहसा हातात माती घेतलेली नसते. त्यामुळे या माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत.

त्याची सर्वांत रंजक कृती आहे ती सोनेरी झळाळीच्या भांड्यांची. आज जगभरची संग्रहालयं ज्यांना ‘लस्टर’ म्हणतात तीच ही भांडी. सामान असं: मनशीळ आणि हरताळ (आर्सेनिकची लाल आणि पिवळी खनिजं), सुवर्णमाक्षिक आणि रौप्यमाक्षिक, पिवळं व्हिट्रिऑल (धातूचा गंधकयुक्त क्षार), भाजलेलं तांबं. हे कुटून त्यातला चौथा हिस्सा घ्यायचा आणि त्यात जाळून वाटलेली सहा दिरहम (जुनं वजन) शुद्ध चांदी मिसळायची. मग चोवीस तास दगडावर घोटायचं. द्राक्षाच्या रसात किंवा सिरक्यात कालवून, एकदा भाजून झिलई चढलेल्या भांड्यावर त्याने नक्षी काढायची. भांडी दुसऱ्या, खास बांधलेल्या भट्टीत ठेवून बहात्तर तास हलका धूर द्यायचा. गार झाल्यावर ओल्या मातीने घासायची, की सोन्याचा रंग वर येतो.

आयुर्वेदाची रसशाळा पाहिलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. यात सोनं कुठेच नाही. सुवर्णमाक्षिक हे गंधक आणि लोखंड असलेलं चमकदार खनिज. खऱ्या अर्थाने मौल्यवान म्हणावी अशी चांदी तेवढी, आणि तीही थोडी. तरीही अबुल कासिम लिहितो की नीट भाजलेलं भांडं तांबड्या सोन्यासारखं झळकतं आणि सूर्यप्रकाशासारखं चमकतं. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण भांडी समोर आहेत आणि ती खरंच तशी दिसतात. समोरून पाहिलं तर नक्षी साधी तपकिरी. जरा बाजूला सरकलं की तीच नक्षी सोनेरी होते, तांबूस होते, कधी निळसर छटा मारते.

हे होतं कसं, याचं नेमकं उत्तर मिळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

झिलई म्हणजे मुळात काच. काचेच्या जाळ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे आयन सैलसर बसलेले असतात. भट्टीचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचलं की झिलई वितळत नाही, पण किंचित मऊ पडते. अशा वेळी वरच्या लेपातले चांदीचे आणि तांब्याचे आयन आत शिरतात आणि सोडियम-पोटॅशियम त्यांना जागा देऊन बाहेर येतात. इथपर्यंत रंग जवळजवळ नाहीच. आता भट्टीत हवा कमी करून धूर कोंडायचा. अर्धवट जळलेल्या लाकडातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनसाठी हपापलेला असतो. त्याच्या संगतीत काचेत शिरलेले आयन पुन्हा शुद्ध धातू बनतात, पण सलग पत्रा होऊन नव्हे, तर काचेतच अडकलेले गोल कण होऊन. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण साधारण ५ ते ५० नॅनोमीटरचे असतात, आणि त्यांचा सगळा थर अनेकदा काही शे नॅनोमीटरच जाड असतो.

भांड्यावर उरलेला लेप म्हणजे रिकामी टरफलं. ओल्या मातीने घासायला सांगितलंय ते हे टरफल काढायला.

आता रंगाकडे. धातूच्या एवढ्या चिमुकल्या कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर एकसाथ मागे-पुढे हेलकावू लागतात. प्रत्येक धातूचा स्वतःचा एक ताल असतो, आणि त्या तालाला जुळणारा प्रकाश तो कण गिळतो. काचेतले चांदीचे कण साधारण ४०० ते ४३० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे जांभळा-निळा भाग खातात, म्हणून उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. तांब्याचे कण साधारण ५६० ते ५७० नॅनोमीटरचा पिवळसर-हिरवा भाग खातात, म्हणून लाल. मायकेल फॅरेडेने १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं माणकासारखं लाल द्रावण बनवून दाखवलं आणि १९०८ साली गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. काशानच्या कुंभारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ‘नॅनोतंत्रज्ञ’ म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. त्यांना कण दिसत नव्हते, पण धूर दिसत होता, आणि त्या धुरावर त्यांची जी हुकूमत होती तिला उसन्या पदवीची गरज नाही.

बाजूला सरकताना रंग बदलतो तो वेगळ्या कारणाने. कणांचा थर झिलईच्या अगदी पृष्ठभागावर नसतो. त्याच्यावर स्वच्छ काचेचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. पापुद्र्याच्या वरून परतलेला प्रकाश आणि खालच्या थरावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि कोनाप्रमाणे काही रंग उठावदार होतात, काही मावळतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या बाहेर डबक्यावर जे इंद्रधनुषी पट्टे दिसतात तेही याच नियमाने. आणि कण पुरेसे दाटीवाटीने बसले की थर धातूच्या पत्र्यासारखा प्रकाश परतवतो. ती खरी झळाळी. झिलईत शिसं असेल तर ती अधिक खुलते.

यात चुकायला किती जागा आहे पाहा. तापमान जास्त झालं तर लेप झिलईला कायमचा चिकटतो. धूर कमी पडला तर धातू बनतच नाही. जास्त झाला तर भांडं काळं पडतं. भट्टीच्या दाराजवळची आणि कोपऱ्यातली भांडी एकसारखी निघणं अवघडच. हे तंत्र पुढे इटलीत पोचलं तेव्हा सोळाव्या शतकात चिप्रिआनो पिक्कोल्पास्सो याने लिहून ठेवलं की शंभर भांडी भट्टीत घातली तर कधीकधी जेमतेम सहा चांगली निघतात. आज प्रयोगशाळेत याच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडे तापमापक आणि वायूंचे सिलिंडर असतात. काशानकराकडे झरोका होता आणि डोळा होता.

काशान हे या कलेचं माहेर मात्र नव्हे. तिची सुरुवात मातीवर नव्हे तर काचेवर झाली. कैरोजवळच्या फुस्तात इथे सापडलेल्या एका काचेच्या पेल्यावर अब्द अल-समद इब्न अली या सुभेदाराचं नाव आहे. तो ७७३ साली अगदी थोडा काळ इजिप्तच्या सुभेदारीवर होता, त्यामुळे पेल्याचं वय बिनचूक सांगता येतं. तिथून नवव्या शतकात हे तंत्र इराकमध्ये, बसऱ्याच्या कुंभारांच्या हाती मातीच्या भांड्यांवर आलं. ट्युनिशियातल्या कैरवान इथल्या मोठ्या मशिदीच्या मेहराबीभोवती, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती, त्या काळातल्या अशा शंभराहून अधिक फरशा अजून जागच्या जागी आहेत.

बसऱ्यालाच का? एक ठरीव उत्तर दिलं जातं: सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणं-पिणं हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनी, निषिद्ध मानलं, म्हणून मातीला सोन्याचं रूप दिलं. मला हे फार सोपं वाटतं. बंदी असूनही खलिफांच्या वाड्यांत सोन्या-चांदीची ताटं चालूच होती. मोठा धक्का बहुधा चीनचा होता. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ एका अरबी धाटणीच्या जहाजाचे अवशेष सापडले. नवव्या शतकात बुडालेल्या या जहाजात चिनी मातीची सुमारे ६०,००० भांडी होती. एका वाडग्यावर ८२६ सालाची नोंद आहे. असला माल आखातात उतरत असताना बसऱ्याच्या कुंभाराने काय करावं? पोर्सेलीनला लागणारी पांढरी माती त्याच्याकडे नव्हती आणि १,३०० अंशांची भट्टीही नव्हती. त्याने झिलईत कथिलाचं ऑक्साइड मिसळलं. त्याचे बारीक स्फटिक प्रकाश सगळीकडे विखुरतात, त्यामुळे पिवळट माती पांढरीशुभ्र दिसू लागते. मग त्या पांढऱ्यावर त्याने चीनकडे नसलेली गोष्ट चढवली, ती झळाळी.

पुढे इजिप्तमध्ये आणि इराणात मातीच बदलली. अबुल कासिमच्या कृतीत दहा भाग कुटलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी चिकणमाती आहे. म्हणजे नावाला माती, बाकी दगडच. चाकावर हे मिश्रण रुसतं, पण भाजल्यावर पांढरं, कडक आणि पातळ निघतं. झळाळीची विद्या पुढे स्पेनमध्ये मालागा आणि मानिसेसपर्यंतही गेली.

काचेवरच्या कामात अडचण वेगळी होती. बाराव्या ते चौदाव्या शतकात सीरिया आणि इजिप्तमध्ये रंगीत मिन्याची आणि सोनेरी मुलाम्याची काचेची भांडी बनत. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड, जी भांड्यावर लावून वितळवायची. पण ती वितळेपर्यंत खालचं भांडंही लोळागोळा होऊ नये! म्हणून मिन्यात शिसं घालून तिचा वितळबिंदू खाली आणत. पांढऱ्यासाठी कथील, लालसाठी लोखंडाचं ऑक्साइड. निळ्याच्या काही नमुन्यांत चक्क दळलेला लाजवर्द, म्हणजे गडद निळा मौल्यवान दगड, सापडला आहे. कैरोच्या मशिदींसाठी बनलेल्या दिव्यांवर अनेकदा कुराणातली प्रकाशाची आयत लिहिलेली असते. त्या आयतीत ईश्वराच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या, काचेत ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे. दिवा लागला की अक्षरांमधून आतला उजेड झिरपायचा.

धातूच्या कामात मोसुल शहराने नाव काढलं. ब्रिटिश म्युझियममध्ये एक पितळी झारी आहे. ती १२३२ साली मोसुलला शुजा इब्न मनआने घडवली असं तिच्यावरच कोरलंय. शिकारी, वादक, आरशात पाहणारी बाई आणि तिच्या शेजारी दागिन्यांची पेटी धरून उभी दासी, असं सगळं चांदी-तांब्यात जडवलेलं. पितळात खाच कोरायची, तिच्या कडा आतून थोड्या पोखरायच्या, चांदीचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा. डांक नाही, गोंद नाही.

पण मला या झारीपेक्षा तिच्या पितळाचं जास्त कौतुक वाटतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त हा मोठा खोडकर धातू आहे. तो ९०७ अंशांना उकळतो, आणि खनिजातून मोकळा व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे भट्टीत जस्त जन्मतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून त्याची पांढरी भुकटी होते. इराणच्या करमान भागात ही भुकटी मुद्दाम भट्टीवर धरत. तिला तुतिया म्हणत आणि डोळ्यांच्या औषधातही वापरत. मार्को पोलोनेही तिची कृती सांगितली आहे. मग तांब्याचे तुकडे, तुतिया आणि कोळसा बंद मुशीत तापवायचा. आत जस्ताची वाफ सुटते आणि बाहेर पळायला वाट नसल्याने तांब्यात मुरते. मुशीत जस्त धातुरूपात कुणाला दिसत नाही, आणि पितळ तयार होतं. या रीतीने जस्ताचं प्रमाण जेमतेम तीस टक्क्यांच्या आत राहतं.

ती वाफ पकडून जस्ताची लगड पाडण्याचं काम मध्ययुगातच भारतात, राजस्थानातल्या झावर इथे झालं. उपड्या ठेवलेल्या मातीच्या मुशींतून वाफ खाली उतरवून थंड करायची, अशी युक्ती होती. इराणी घाटाच्या जडावाला भारतात अगदी वेगळा धातू मिळाला तो यामुळे. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी बिदरला हलवली. इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गवानने १४७२ साली तिथे बांधलेल्या मदरशावर रंगीत झिलईच्या फरशा आजही थोड्या शिल्लक आहेत. याच शहराच्या नावाची बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवण्याची कला, इराणी कारागिरांनी आणली असं परंपरा सांगते. आज हाती असलेले सर्वांत जुने नमुने मात्र बरेच नंतरचे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बिदरीचे हुक्के आणि पानदान पाहायला मिळतात.

बिदरीचं भांडं पितळी नसतं. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जस्त आणि थोडं तांबं असतं. ओतीव भांडं घासून त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतात, त्याने तात्पुरता काळेपणा येतो आणि छिन्नीची रेघ स्पष्ट दिसते. चांदी ठोकून झाली की सगळं पुन्हा घासून काढतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भिंतींची माती आणि नवसागर पाण्यात कालवून किंचित तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा सगळा भाग गडद काळा होतो आणि चांदीला काहीच होत नाही. नुसत्या शुद्ध जस्तावर हाच प्रयोग केला तर असा काळा रंग येत नाही. तो यायला मिश्रधातूतलं ते थोडंसं तांबं लागतं.