पीडीएफ केली म्हणजे फाईल सेफ झाली असं नाही

(आमच्याकडे टायपिंग, स्कॅनिंग आणि डिजिटल सहीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कोटेशन, बिलं, अनुभवाचे दाखले, सोसायटीची पत्रं टाईप करून घ्यायला येणारे बरेच जण शेवटी सांगतात, "पीडीएफ करून द्या, म्हणजे कोणाला काही बदलता येणार नाही." हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यावरच पत्रक काढायचं ठरवलं. कारण ते खरं नाहीये, आणि त्या भरवशावर माणसं मोठमोठे व्यवहार करतात.

ॲडोबी कंपनीने 1993 मध्ये पीडीएफ आणली ती कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही प्रिंटरवर पान सारखंच दिसावं म्हणून. कोणी बदल करू नये हा तिचा मूळ उद्देशच नव्हता. 2008 पासून तर ते आयएसओचं खुलं स्टँडर्ड आहे, म्हणजे पीडीएफ बनवायचं, उघडायचं, एडिट करायचं सॉफ्टवेअर कोणीही काढू शकतं आणि तशी ढीगभर आहेत, फुकटसुद्धा. वर्ड 2013 आणि त्यापुढचं असेल तर पीडीएफ सरळ वर्डमध्येच उघडते. मराठी मजकुराची जोडाक्षरं त्यात बऱ्याचदा विस्कटतात, पण आकडे मात्र बहुतेक वेळा जसेच्या तसे येतात, आणि फसवणाऱ्याला हवे असतात ते आकडेच. रक्कम, तारीख, बँकेचा खाते नंबर.

यातला खाते नंबर सगळ्यात धोक्याचा. तुम्ही पार्टीला बिल मेल केलं, मधल्या कोणीतरी मेल उघडून बिलावरचा फक्त खाते नंबर आणि आयएफएससी बदलला, बाकी लोगो, जीएसटी नंबर, रक्कम सगळं तुमचंच, तर समोरचा बिचारा मनापासून पैसे भरतो आणि ते भलत्याच खात्यात जातात. बिलावर नवीन खातं दिसलं तर आधीपासून तुमच्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, बिलावर किंवा मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नको. तुमच्या गिऱ्हाइकांनाही हे सांगून ठेवा.

पासवर्डचं काय?

पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड लावता येतात आणि लोक त्यात गल्लत करतात. एक, फाईल उघडायचा. तो नसेल तर फाईल उघडतच नाही, आतला मजकूर खरोखर कोड करून ठेवलेला असतो. दुसरा परमिशनचा, म्हणजे फाईल सगळ्यांना उघडता येते पण एडिट, कॉपी, प्रिंट बंद. हा दुसरा पासवर्ड दिसतो कडक पण आहे कच्चा, कारण फाईल उघडली म्हणजे मजकूर मोकळा झालाच, पुढे एडिट करू द्यायचं की नाही हे त्या सॉफ्टवेअरच्या प्रामाणिकपणावर असतं, आणि असली बंदी न जुमानणारी सॉफ्टवेअर हवी तितकी मिळतात. चुकून कोणाचा हात लागू नये एवढ्यापुरता तो ठीक आहे.

उघडायचा पासवर्ड पक्का, पण तो लांबलचक ठेवलात तर. मोबाईल नंबर, जन्मसाल, दुकानाचं नाव नको. आणि ज्या मेलमध्ये फाईल त्याच मेलमध्ये खाली पासवर्ड लिहू नका हो, तो फोनवर सांगा. एक लक्षात घ्या, ज्याला तुम्ही पासवर्ड दिला तो मात्र आतलं बदलून नवी फाईल करू शकतो, त्याला हे कुलूप अडवत नाही.

वर्डमध्ये "मार्क ॲज फायनल" असतं, त्याने वर नुसती पिवळी पट्टी येते आणि तिच्यावरच "एडिट एनीवे" बटण असतं, म्हणजे ते संरक्षण नव्हेच. "रिस्ट्रिक्ट एडिटिंग" जरा बरं, ऑफिसातल्या फॉर्मसाठी वापरा, पण जाणकार माणूस तेही काढतो. खरंच झाकायचं असेल तर फाईल, इन्फो, आणि तिथून "एन्क्रिप्ट विथ पासवर्ड". हा पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही आणि आम्हीही नाही, तेव्हा वहीत लिहून कपाटात ठेवा.

एक्सेलवाल्यांची नेहमीची तक्रार, "शीट प्रोटेक्ट केली तर अख्खीच लॉक झाली, माणसं आकडेच भरू शकत नाहीत." त्याचं असं आहे की एक्सेलमधला प्रत्येक सेल मुळातच लॉक्ड असतो, फक्त प्रोटेक्ट करेपर्यंत ते जाणवत नाही. म्हणून आधी जे सेल भरायचे आहेत ते सिलेक्ट करा, राईट क्लिक, फॉरमॅट सेल्स, प्रोटेक्शन, तिथली "लॉक्ड"ची टिक काढा, आणि मग रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट. फॉर्म्युले शाबूत राहतात, भरणारे भरतात. हेही चुकून होणाऱ्या बदलांसाठीच आहे, पगाराचे आकडे लपवायला याच्यावर विसंबू नका.

सहीचा फोटो चिकटवू नका

"साहेबांची सही एकदा स्कॅन करून ठेवा, दरवेळी टाकत जा," असं आम्हाला पुष्कळदा सांगतात. आम्ही नाही म्हणतो ते याचसाठी. तो नुसता फोटो आहे. तुमच्या एका कोटेशनमधून तो कापून दुसऱ्याच कागदावर चिकटवायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, आणि मग ती सही तुमची नाही हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

खरी डिजिटल सही वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये तिला मान्यता आहे, केंद्र सरकारच्या कंट्रोलरने लायसन्स दिलेल्या संस्थाच तिचं सर्टिफिकेट देतात, आणि आपल्याकडे ती साधारण यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेन ड्राईव्हसारख्या वस्तूत येते. सही करताना सॉफ्टवेअर पूर्ण फाईलवरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतं, त्याला हॅश म्हणतात, आणि तो तुमच्या टोकनमधल्या खासगी चावीने (म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त कोडने) सही करून फाईलमध्ये ठेवतं. नंतर कोणी 50,000 चे 80,000 केले, अगदी एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी उघडताना पुन्हा काढलेला हॅश जुळत नाही आणि ॲक्रोबॅट रीडर सांगतं की सही झाल्यावर फाईल बदललीय. लाईटच्या मीटरला सील असतं तसं हे. सील कोणाचा हात धरत नाही, पण तुटलं की लपत नाही. आम्हाला विचाराल तर पैशाच्या कागदाला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

आता यात लोक कुठे चुकतात ते सांगतो. सही केलेली पीडीएफ पोर्टलवर चढवायची असते, तिथे दोन एमबीची मर्यादा असते, मग कोणीतरी ती ऑनलाईन कॉम्प्रेस करतं किंवा दुसऱ्या फाईलला जोडतं किंवा पुन्हा "प्रिंट टू पीडीएफ" मारतं, आणि सही मोडते नाहीतर निघूनच जाते, नुसतं चित्र उरतं. तेव्हा जोडणं, लहान करणं, पान नंबर टाकणं सगळं आधी उरका. सही सगळ्यात शेवटी.

दुसरं, डिजिटल सहीचा 7/12 किंवा ई-आधार उघडला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि माणसं घाबरतात की कागद बोगस आहे. तसं नसतं. तुमचं रीडर त्या सर्टिफिकेटला अजून ओळखत नाही एवढाच त्याचा अर्थ. सहीवर क्लिक करून सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं आहे ते बघा, खात्री पटली की त्याला ट्रस्टेड करा, मग हिरवी टिक येते. पण खात्री न करता कोणाच्याही सर्टिफिकेटला ट्रस्ट करू नका, नाहीतर बनावट सहीलाही हिरवी टिक येईल. आणि ही तपासणी फाईलवरच होते, प्रिंट काढलीत की कागदावर उरतं ते नुसतं चित्र. समोरच्याने 7/12 ची झेरॉक्स दिली तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या साईटवर टाकून बघा, जमिनीच्या व्यवहारात हे न करता विसार देऊ नका.

तिसरं आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याकडे ठेवणं. अकाउंटंटकडे असतं, सोसायटीच्या मॅनेजरकडे असतं, "त्यांनाच लागतं ना" म्हणून. अहो पण ती तुमची सही आहे, कोऱ्या कागदावर करून दिल्यासारखी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 42 प्रमाणे ती चावी ताब्यात ठेवायची जबाबदारी तुमची आहे. माणूस कितीही विश्वासाचा असो, टोकन घरी आणि पिन डोक्यात.

टोकनचा खर्च नको असेल तर

साधा उपाय, फुकटातला. फाईल पाठवायच्या आधी तिचा हॅश काढून ठेवा. सेव्हन झिप हे फुकट सॉफ्टवेअर असेल तर फाईलवर राईट क्लिक करून एसएचए 256 (हॅश काढायची एक पद्धत) निवडा, 64 अक्षरांची ओळ येते. ती समोरच्याला वेगळ्या मार्गाने कळवा, फाईल मेलवर तर ओळ व्हॉट्सॲपवर. त्याने काढलेली ओळ जुळली म्हणजे फाईल तीच. व्हॉट्सॲपवर फाईल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर ती लहान होऊन जाते आणि हॅश जुळत नाही.

गूगल ड्राइव्हवर शेअर करताना "लिंक असलेला कोणीही" आणि "एडिटर" ही जोडी कधीच ठेवू नका. बघायचं असेल त्याला व्ह्यूअर, सूचना द्यायच्या असतील त्याला कमेंटर. गूगल डॉक्समध्ये कोणी गडबड केलीच तर व्हर्जन हिस्टरीत कोणी केव्हा काय बदललं ते दिसतं आणि जुनं परत आणता येतं.

आणि फाईलमध्ये बदल करून फसवणूक झालीच तर? पहिलं म्हणजे तुमची मूळ फाईल आणि ती ज्या मेलने पाठवली तो मेल डिलीट करू नका. त्याच्यावर काही दुरुस्ती करू नका, वेगळी कॉपी करून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 336 खाली खोटं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड बनवणं हाही बनावटगिरीचा गुन्हा आहे, आणि कोर्टात फाईल पुरावा म्हणून द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे जे सर्टिफिकेट जोडतात त्यात हॅश लिहावा लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढलेला बरा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, उशीर करू नका, मग पोलीस स्टेशन.

डिजिटल सही काढायला येताना आधार, पॅन आणि आधारला लिंक असलेला मोबाईल घेऊन या, मेलचा पासवर्ड आठवत असू द्या कारण ओटीपी तिथेही येतो. ज्याच्या नावाची सही त्यानेच यावं, छोटं व्हिडिओ व्हेरिफिकेशन असतं आणि ते मुलाला किंवा मॅनेजरला करता येत नाही. सर्टिफिकेट एक, दोन किंवा तीन वर्षांचं मिळतं. पिन तुम्ही स्वतः टाका, आमच्या माणसालाही सांगू नका.