टेबलावर मांडलेला खोटा चंद्र

चंद्रावरचे फोटो स्टुडिओत काढले होते, असा व्हिडिओ बघून घरातलं पोर प्रश्न घेऊन आलं तर 'काहीतरीच काय!' म्हणून त्याला वाटेला लावू नये. १९७६ साली बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने पुस्तक काढलं, तेव्हापासून हा दावा फिरतोय. आकाशात तारे का नाहीत, सावल्या समांतर का नाहीत, सावलीतला अंतराळवीर उजळ कसा, या त्यातल्या नेहमीच्या शंका. तिन्ही शंका घरीच तपासता येतात. तो स्टुडिओ आपणच मांडायचा.

योयाकिम कोर्टिस आणि आद्रियान सोंडरएगर हे स्वित्झर्लंडमधले दोघे छायाचित्रकार गाजलेल्या फोटोंचे छोटे देखावे बनवून त्यांचे फोटो काढतात. चंद्रावरचा बुटाचा ठसाही त्यांनी असाच केला. भोवतीचा दिवे-गोंदाचा पसारा ते चौकटीत मुद्दाम ठेवतात. घरीही दोन फोटो घ्यावेत, एक फसवणारा आणि एक पसाऱ्यासकट.

प्रमाण १:४८ घ्या. १९६९ साली माणसांना घेऊन पहिल्यांदा चंद्रावर उतरलेलं अपोलो ११चं यान सुमारे ७ मीटर उंच होतं, म्हणजे इथे साडेचौदा सेंटिमीटर, अंतराळवीर पावणेचार. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे जड नाही. ६० सेंटिमीटरच्या चौकोनी फळीवर चहाच्या गाळणीने चाळलेल्या लाकडाच्या राखेचा २ सेंटिमीटर थर द्या. नुसती राख फार पांढुरकी पडते. चंद्राची माती जेमतेम १२ टक्के प्रकाश परतवते, म्हणून कोळशाची पूड मिसळून ती जुन्या डांबरी रस्त्याइतकी करडी करा. चाळताना मास्क हवाच. सिमेंट मात्र मुलांच्या हातात नको.

खरी गंमत प्रकाशात आहे. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि सावलीच्या कडा तितपतच मऊ होतात. तेवढ्यासाठी दिवा त्याच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट लांब हवा: ३ सेंटिमीटर काचेची टॉर्च सव्वातीन मीटरवर. ती जवळ आणली की घोटाळा होतो. अर्ध्या मीटरवर ठेवली, तर फळीच्या जवळच्या टोकाला लांबच्या टोकाच्या जवळपास पाचपट उजेड पडतो आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. पहिल्या चांद्रविहाराच्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण १४ अंश वर होता, म्हणून टॉर्च फळीपेक्षा ८० सेंटिमीटर उंच धरा.

खोली पूर्ण अंधारी करा आणि जवळच्या भिंतींवर काळं कापड टांगा. नाहीतर भिंतीच उजेड परतवतात आणि प्रयोग फसतो. आता अंतराळवीराची सावलीतली बाजू बघा. दिवा एकच असूनही ती दिसते. त्याच्याभोवतीच्या राखेवर काळा कागद पसरला की ती बाजू काळवंडते. म्हणजे तो उजेड जमिनीचा. दुसरी टॉर्च लावली तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात. चंद्रावरच्या फोटोंत तशा नाहीत.

ताऱ्यांसाठी मागे काळ्या कार्डबोर्डला सुईने भोकं पाडून पलीकडे अगदी मंद दिवा ठेवा. मोबाइलच्या मॅन्युअल मोडमध्ये राख नीट दिसेल असा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, घेतला की तारे गायब. तो काही सेकंदांवर नेला की तारे उगवतात आणि राख पांढरीफटक होते. अपोलोच्या कॅमेऱ्यांचं शटर उन्हात सहसा १/२५० सेकंद असे.

फोटोला मोबाइलच बरा. सेन्सर लहान असल्याने जवळचं-लांबचं एकदम स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यात मागचं धूसर होतं आणि खेळणं ओळखू येतं. अंतराळवीरांचे कॅमेरे छातीवर असत, तेव्हा लेन्स राखेपासून ३ सेंटिमीटरवर ठेवा.

सावल्यांचा प्रश्न उन्हात सोडवावा. फळीवर चार काड्या रोवून ती सूर्योदयानंतर तासाभराने गच्चीत न्या. बरोबर वरून काढलेल्या फोटोत सावल्या समांतर येतात; लेन्स खाली आणली की त्याच तिरक्या दिसतात. टॉर्चखाली उलटं घडतं: सव्वातीन मीटरवरूनसुद्धा दोन टोकांच्या सावल्यांत वरून पाहताना सुमारे १० अंशांचा फरक पडतो. स्टुडिओतला दिवा इथेच पकडला जातो.

खोटेपणाची युक्ती आधी थोडीशी दाखवून ठेवली की पुढे फसवणूक ओळखणं सोपं जातं, या कल्पनेवर केंब्रिज विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली एक ऑनलाइन खेळही काढला. त्यात खेळणारा स्वतःच अफवा पसरवतो. म्हणून मुलाला नुसतं बघायला बसवू नका. टॉर्च त्याच्या हातात द्या.

एक गोष्ट मात्र राखेला जमत नाही. चंद्राची माती प्रकाश आल्या दिशेने जास्त परतवते, त्यामुळे अपोलोच्या काही फोटोंत छायाचित्रकाराच्या स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती उजळ वलय दिसतं. नासाचे मूळ फोटो इंटरनेटवर मोफत आहेत. त्यात ते वलय मुलाला शोधू द्या.